कट म्हटलं की थांबायचं

आमच्या घरात हे कमी राहतात, यांचे किस्सेच जास्त राहतात! हे मुंबईला जाहिराती आणि सिनेमे काढतात. महिन्या-दोन महिन्यांनी रेवसला लाँचमधून उतरतात, दोन दिवस सगळ्यांना हसवतात आणि परत जातात. मग रेवदंड्याच्या घरात आम्ही तिघीच. सासूबाई, मी आणि दोन वर्षांची शकू. मी शकूला यांचे किस्से सांगत बसते. पण किस्से ऐकून पोर बापाला ओळखेल का, हीच धास्ती.

*

मासळीवाली हिराबाई एकदा म्हणाली, "तुजा नवरा शिनेमात हाय म्हंतेस, मना तं कंदी दिसला न्हाय गो!"

मी म्हटलं, "ते डायरेक्टर आहेत. कॅमेऱ्याच्या मागे उभे असतात."

"म्हंजे तिथं बी दिसत न्हाय, नि इथं बी न्हाय!"

त्या दिवशी मी बोंबील घासाघीस न करता घेतले.

*

असिस्टंटचे डायरेक्टर झाल्यावर यांना पहिली जाहिरात मिळाली ती बाळांच्या पावडरीची. बाळ काही केल्या हसेना. हे भुंकले, म्यांव केलं, स्टुडिओभर रांगले. सगळं युनिट हसून लोळलं, बाळ ढिम्म! शेवटी यांनी त्याला मांडीवर घेऊन मी शकूला म्हणते ती अंगाई म्हटली. बाळ गाढ झोपलं! शूटिंग बंद!

हा किस्सा सांगताना हे खदखदा हसत होते. मीही हसले. शकूला तेव्हा दातांचा ताप होता, अंगाई मी एकटीच म्हणत होते.

*

तीच जाहिरात अलिबागला तंबूतल्या सिनेमात लागली. एसटी वाटेत बंद पडली. आम्ही धावतपळत पोचलो तर मुख्य सिनेमा सुरू झालेला.

सासूबाई दारावरच्या माणसाला म्हणाल्या, "मागचं परत लाव रे, माझ्या लेकाचं आहे!"

"आजी, तसं नाही लावता येत."

"मग चल गं सूनबाई. आपला सिनेमा संपला!"

*

या खेपेला हे दारात उभे राहिले आणि शकू आत पळाली. "आजी, पाव्हणे आले!"

यांचा चेहराच उतरला. चहासुद्धा घेतला नाही. मग यांनी एक खेळ काढला. "कट!" म्हटलं की सगळ्यांनी जिथल्या तिथं थिजायचं. "ॲक्शन!" म्हणेपर्यंत पापणी हलवायची नाही.

सासूबाई घावन उलटता उलटता थिजल्या. घावन करपलं.

"मेल्या, ॲक्शन म्हण की आता!"

शकू इतकी हसली की तिला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी तीच "कट!" ओरडायची आणि हे एका पायावर उभे! पाव्हणे म्हणणं बंद झालं. पण शकू 'बाबा' काही म्हणेना.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही यांना पोचवायला रेवसला गेलो. हे लाँचमध्ये मागच्या बाजूला उभे होते. भोंगा झाला, लाँच धक्क्यापासून सुटली, यांनी हात वर केला.

तेवढ्यात माझ्या कडेवरून शकू जीव खाऊन ओरडली, "बाबा, कट!"

धक्क्यावरची माणसं हसली. लाँच चालतच राहिली. हे मात्र हात वर तसेच ठेवून थिजले. शेजारच्या माणसाने हाक मारली, हलवलं, तरी हात खाली नाही.

शकू माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ॲक्शन तिनं म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.