तिकिटाचा भाव आणि आखाजीचे बोलावणे

सोळा फेब्रुवारी, रविवार. फ्रँकफर्ट ते मुंबई, जाऊन-येऊन, सत्तावन्न हजार दोनशे रुपये. हजर: मी, माझी पत्नी, शेजारच्या काकू आणि फोनच्या पडद्यावर आमची मुलगी. वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे.

मुलगी जर्मनीत अन्नप्रक्रियेचे शिक्षण घेत होती. नंदुरबार सोडून तिला सतरा महिने झाले होते. एक आखाजी तिच्याशिवाय गेली होती आणि दुसरी अडीच महिन्यांवर आली होती. ही तरी तिने घरी करावी, एवढेच आम्हा दोघांना हवे होते.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. दिवाळीला न आलेली लेकही आखाजीला माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. भाऊ किंवा काका न्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. आमची मुलगी शिकायला गेलेली, लग्न व्हायचे आहे. पण काकूंना तो फरक मान्य नव्हता.

"तेबी सासरच शे," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "फक्त तठे सासू नही."

"शे ना काकू," मुलगी म्हणाली. "मन्ही लॅबनी मॅडम देखा एकदाव. सासू परवडनी."

मी मिरचीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. गावाबाहेर पथारीवर, म्हणजे उघड्या मैदानात, लाल मिरची वाळत पडलेली असते. गाड्या येतात, वजन होते, मी आवक आणि भाव फळ्यावर लिहितो. बावीस वर्षे हेच केल्यामुळे बाकीच्या गोष्टीही मला आकड्यांतूनच कळतात. तिच्या फोनची मिनिटेही मी लिहून ठेवत होतो. पहिल्या महिन्यात रोज सरासरी चाळीस. पहिल्या हिवाळ्यात पंचवीस. फेब्रुवारीत आठवड्याला तीन फोन, प्रत्येकी अकरा मिनिटे. पत्नीने विचारले तर मी म्हणायचो, तिचा जम बसला, चांगलेच आहे. वही मात्र तिला दाखवली नव्हती.

त्या अकरा मिनिटांत मुलगी हसवायचीच जास्त. चार जणींत एक स्वयंपाकघर, फ्रिजमधला दुसरा कप्पा तिचा. शनिवार-रविवार पावाच्या दुकानात काम. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने घरच्या मिरचीची फोडणी दिली, तर छतावरची धुराची घंटा वाजली आणि चार मजल्यांची माणसे कोट घालून रस्त्यावर उभी राहिली. तेव्हापासून ती वरणात तिखट कच्चेच घालते. हे ऐकून मी खूप हसलो. पत्नी हसली नाही. "बिनफोडणीचे वरण," एवढेच म्हणाली आणि उठून आत गेली.

मी रोज सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर तिकिटाचा भाव बघायचो आणि फोन आला की सांगायचो.

"आज एकोणसाठ आठशे."

"हो का पप्पा."

"मंगळवारी उतरते म्हणतात."

"बघूत."

मार्चच्या मध्यापर्यंत भाव अडुसष्ट हजारांवर गेला. मी तोही सांगितला. मुलगी म्हणाली, "पप्पा, राहू द्या आता. मी लॅबमा उन्हाळाभर काम लिधं. काल सही करी दिधी. जुलैपर्यंत सुट्टी नही."

फोन ठेवल्यावर मी पत्नीला म्हणालो, की पोरीलाच यायचे नव्हते. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिले बलावं कोणी?"

"म्हणजे? रोज भाव कशासाठी बघतो मी?"

"ते तिले काय माहीत? तुम्ही नुसता भाव सांगतस. तुमना पथारीवर जो रोज भाव इचारस, तो माल लेस का?"

ते खरे होते. रोज भाव विचारून जाणारा माणूस घेणारा नसतो, हे माझ्याइतके कोणाला माहीत असेल? ज्याला घ्यायचे असते तो ढिगात हात घालतो, एक मिरची मोडून बघतो आणि गाडी लावायला सांगतो. मुराळी पाठवताना कोणी लेकीला एसटीचे भाडे कळवत नाही. मी महिनाभर भाडेच कळवत होतो. एकदाही 'ये' म्हणालो नव्हतो.

रविवारी दुपारी चार वाजता मी स्वतः फोन लावला. ती पावाच्या दुकानात होती, उचलला नाही. साडेसातला तिचा आला. मी काही जुळवून ठेवले नव्हते.

"बेटा, तू ये. आमले करमत नही," मी म्हणालो.

पडद्यावर मिनिटे पुढे सरकत होती.

"पप्पा, हाई फेब्रुवारीमा काबर नही सांगं?" ती म्हणाली. "माले वाटनं तुमले परवडत नही, म्हणून रोज आकडा सांगतस. मीच मनवर दगड ठेवा."

सही मोडता येते का, असे मी विचारले नाही. दिलेला शब्द पाळायचा, हे तिला मीच शिकवले होते.

आखाजी बुधवारी आली. पत्नीने पितरांची घागर भरली, खापरावर पुरणपोळ्या केल्या. काकूंच्या दोन्ही लेकी आल्या होत्या, निंबाच्या झोक्यावर त्यांची पाळी लागली होती. मुलीने लॅबमधून फोन केला, डोक्यावर पांढरी टोपी. "मम्मी, झोका दाखाड," म्हणाली. पत्नीने फोन तिकडे फिरवला, पण झोका एवढ्या जोरात होता की पडद्यावर नुसती पाने दिसत होती. मुलगी तरी बघत राहिली. मग तिला कोणीतरी हाक मारली. चार मिनिटे झाली होती.

संध्याकाळी धाकट्या भावाला बोलावून मी सांगितले, की पोरीची सुट्टी ऑगस्टमध्ये आहे, आपण पोळ्याला आणू, मुराळी तू.

"मुंबईले मुराळी?" तो म्हणाला. "फेटा बांधी जाऊ का विमानतळवर?"

"बांध," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळच्या तिकीटवाल्याकडे गेलो. त्याने यंत्रावर बघून सांगितले, काका, पंधरा दिवस थांबा, उतरेल. मी थांबलो नाही. एक मे, गुरुवार. तिकीट एक्क्याऐंशी हजार सहाशे पन्नास, वर त्याचे पाचशे. एकूण ब्याऐंशी हजार एकशे पन्नास रुपये, तिकीटवाल्याला, रोख दिले.