मेण लावलेला तुंबा

बाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. फोन भाच्याचा होता. "मामी, माय गेली," तो म्हणाला. "वेलांना पाणी टाकून झोपडीत टेकली, अन् मंग उठलीच नाई." बाई म्हणजे माझी मोठी नणंद. नदीच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव, पण उन्हाळाभर त्यांचा मुक्काम वैनगंगेच्या रेतीत, डांगरवाडीवर असायचा. पाणी आटलं की मोकळ्या झालेल्या रेतीत त्या टरबूज-काकडीचे वेल लावायच्या आणि पावसाचं पहिलं पाणी वरून येईपर्यंत तिथेच राहायच्या. फोन ठेवल्यावर मला आधी त्यांचा चेहरा आठवला नाही. आठवलं ते पाण्यावर दिसणारं त्यांचं डोकं... ओल्या केसांचं, आणि गालात तंबाखूची चिमूट धरलेलं. पाण्यातसुद्धा त्यांची तंबाखू सुटायची नाही.

त्या उन्हाळ्याचं सांगायचं तर आधी माझं थोडं सांगावं लागेल. माझ्या माहेरी शेतात बोडी होती, म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. माझा धाकटा भाऊ त्या बोडीत बुडून गेला. मी तेव्हा चौथीत होते. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती, आणि भाऊ गेल्यावर आईने मला कधी नाला ओलांडू दिला नाही. माझं शिकणं तिथेच थांबलं. पुढे लग्न झालं तेही नदीकाठच्या गावात. रोज नदीवर जायचे, धुणं धुवायचे, पण पाणी घोट्याच्या वर चढलं की मागे सरायचे. का ते मी कोणाला सांगितलं नाही. मला बोलायला जमत नाही, पण लिहिताना अडत नाही.

माझी पायल चौथी पास झाली तेव्हा तेच सगळं पुन्हा दारात येऊन उभं राहिलं. आमच्याही गावची शाळा चौथीपर्यंतच. पुढे नदीपलीकडे जायचं, पावसाळ्यात नावेने. मी पायलच्या बाबांना सांगून टाकलं, पोहता येत नाही तोवर पोरगी नावेत बसणार नाही. आणि पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागेल, तेही मी होऊ देणार नव्हते. म्हणजे शाळा बंदच. त्यांनी गुपचूप बहिणीला निरोप धाडला.

दोन दिवसांनी बाई आल्या. खांद्यावर दोरी आणि दोरीला एक तुंबा. वाळलेला भोपळा आतून कोरून पोकळ केला की तुंबा होतो. पाठीला बांधला की माणूस बुडत नाही. आमच्या ढिवर समाजातली पोरं अशीच पोहायला शिकतात. पायल पळत जाऊन त्यांच्या कमरेला चिकटली, आणि मी दारातच उभी राहिले.

"काऊन वं सुमन," बाई म्हणाल्या, "पोट्टीले घरी बसवून का लोणचं घालतेस?"

"बाई, माझा जीव घाबरते," मी म्हटलं.

"तुह्या जिवाले तू सांभाळ. पोट्टीचा जीव माह्यापाशी दे."

मी अडून बसले. शेवटी म्हटलं, न्या, पण पाण्यात असताना तिच्या पाठीचा तुंबा सोडायचा नाही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. बाईंनी तंबाखू थुंकली, तोंड पुसलं, पायलच्या डोक्यावर हात ठेवला. "तुंबा सोडणार नाई. झालं? आता च्या ठेव."

पायल गेली. मला घर खायला उठायचं. वैशाखाचं ऊन असं की रेतीवर पाय ठेववत नव्हता. एके दिवशी निरोप आला, पोरीला न्यायला या, आणि सगळेच या, टरबुजं खायला. आम्ही दोघं आणि सासूबाई पहाटेच निघालो. डांगरवाडीवर पोचलो तेव्हा हिरव्या वेलांमध्ये टरबुजं पसरली होती आणि झोपडीसमोर चुलीवर मासोळीचा रस्सा शिजत होता. पायल मात्र कुठे दिसेना.

"पायल कुठी गेली?" मी विचारलं.

बाईंनी हातातल्या पळीने नदी दाखवली. "पलीकडे. टरबुजाची फोड घेऊन बसली हाये पाह्य."

त्या ठिकाणी नदीची एकच धार वाहत होती, पण ती खोल होती. हिरवं, गप्प पाणी. पलीकडच्या रेतीवर एक काळा ठिपका बसला होता. आम्हाला पाहून तो उभा राहिला, त्याने हात हलवला आणि सरळ पाण्यात उडी घेतली. बाई कधी पाण्यात शिरल्या ते मला कळलंच नाही. लुगड्याचा काष्टा मारलेला, आणि पाणी त्यांच्याभोवती असं की जणू त्यांना ओळखत होतं. धारेच्या मध्यावर जाऊन त्या थांबल्या. पायलला हात लावला नाही. नुसत्या तिच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या बाजूने, तिच्याबरोबर सरकत राहिल्या. पायलचे हात उठत होते, पडत होते... एवढे लहान हात, आणि एवढं मोठं पाणी त्यांना बाजूला होऊन वाट देत होतं. मी रेतीत बसून राहिले. पायांना चटके बसत होते ते घरी गेल्यावर कळलं. माझ्या भावाला जे पाणी घेऊन गेलं, तसल्याच पाण्यातून माझी पोरगी माझ्याकडे येत होती. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

काठावर आली तशी ती धापा टाकत म्हणाली, "बाई, आज तुंबा लय जड लागून राह्यला वं!"

बाई हसल्या, पण बोलल्या नाहीत. त्यांनी तिच्या पाठीची गाठ सोडली आणि तुंबा उलटा केला. त्याच्या एका बाजूला बोटाएवढं भोक होतं. त्यातून पाणी पडायला लागलं. पडतच राहिलं. सगळा तुंबा पाण्याने भरलेला होता.

मी उठून उभी राहिले. "बाई! तुमी शपथ घेतली होती!"

"मंग? तू म्हणाली, तुंबा सोडू नोको. म्या कुठी सोडला?" तुंबा उलटा करताना खरवडून काढलेलं मधमाशीचं मेण त्यांनी बोटावर दाखवलं. त्या भोकाला मेणाचं बूच असायचं. रोज पाण्यात उतरायच्या आधी, पायलचं लक्ष नसताना, बाई ते काढून तुंब्यात थोडं पाणी भरायच्या आणि पुन्हा मेण लावायच्या. आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त. पोरीला वाटायचं तुंबा तिला धरून आहे, आणि तुंबा रोज थोडा थोडा हात काढून घेत होता. "पोट्टी कवाची पोहून राह्यली," बाई म्हणाल्या. "तिले अन् तुले सांगाचंच बाकी होतं."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पायलचे बाबा पाठमोरे होऊन उगाच टरबूज कापत होते. मी रडले की हसले ते मला आठवत नाही. पायल पाचवीत गेली. पावसाळ्यात नाव पलीकडे जाताना मी काठावर उभी राहायचे, पण तिला कधी मागे बोलावलं नाही. आज ती गडचिरोलीला नर्सिंग शिकते.

त्या दिवशी जेवताना बाई मला म्हणाल्या होत्या, "आता तुही पाळी. तुह्यासाठी मोठा तुंबा पाह्यते." मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर दर उन्हाळ्यात त्या विचारायच्या आणि दर उन्हाळ्यात मी काहीतरी काम सांगायचे.

दहाव्याला गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने झोपडीच्या खुंटीवरून एक तुंबा काढून माझ्या हातात दिला. चांगला मोठा, मोठ्या माणसाला तोलून धरेल असा. "माय म्हणे, हा सुमनचा हाये, कोणाले देऊ नोका," ती म्हणाली. मी तो फिरवून पाहिला. एका बाजूला भोक पाडलेलं होतं आणि त्यावर मेण लावलेलं होतं. मी पाण्यात पाय घालायच्या आधीच बाईंनी भोकाची तयारी करून ठेवली होती... एक दिवस मला तुंब्याची गरज राहणार नाही, हे त्या धरूनच चालल्या होत्या. माझ्याबद्दल एवढं कोणी कधी धरून चाललं नव्हतं.

परवा पायल सुट्टीला आली. सकाळी तिने तो तुंबा माझ्या पाठीला बांधला आणि मला नदीत नेलं. घोटे, गुडघे, कंबर. मग एका जागी पायाखालची रेती सुटली. मी डोळे मिटून तिचा हात घट्ट धरला.

"पायल, मेण लावलेलं आहे ना?" मी विचारलं.

ती हसली, पण बोलली नाही.

तुंबा आता आमच्या घरी खुंटीवर आहे. आतलं पाणी मेणाजवळून अजून थेंब थेंब गळतं. त्याच्याखाली जमिनीवर पाण्याचा एक लहानसा डाग पडला आहे. मी तो पुसलेला नाही.