बापाला खांदा न देणारा गायक

माझ्या घरात हे कुणाला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक असायला हवं त्याला तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण लिहायला बसलो आणि आधी टेबल पुसलं, मग चहा केला, मग तो चहा गार होऊ दिला. म्हणजे सोपं नाहीच.

बँडपासून सुरुवात करतो. लंडनचा बँड, पंक म्हणतात त्या संगीताचा. आमच्यापर्यंत तो पोचला तेव्हा तिकडे तो केव्हाच मोडला होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. जाणकार लगेच त्या गायकाच्या आयुष्याचे दाखले काढतील, आणि मला तर त्या माणसाबद्दल जे खरं नाही तेच सांगायचं आहे.

माझा एक मावसभाऊ लंडनला असतो. कॉलेजात असताना तो एकदा उज्जैनला आला, उन्हानं वैतागला आणि जाताना एक कॅसेट विसरून गेला. विसरून गेला – दिली नव्हती. ती मी लावली आणि माझं डोकं दुखलं. आरडाओरडा, ताडताड वाजणारे ड्रम, गिटार तर कुणी पत्रा फरफटत न्यावा तशी. मी ती बंद करणारच होतो, पण खोलीत विन्या होता.

विन्या म्हणजे विनायक, माझा मित्र. त्याचे वडील – अण्णा – रेल्वेत पार्सल ऑफिसात होते, भुसावळहून बदलून आलेले. आमचं घर फ्रीगंजमध्ये, त्यांचं रेल्वे क्वार्टर रुळांपलीकडे. मी कॉन्व्हेंटचा, तो हिंदी शाळेतला. मराठी मंडळींच्या गणपतीत दोघांच्या हातात झांजा दिल्या होत्या, तिथली ओळख. मला ताल कधी सापडला नाही, त्याचा कधी सुटला नाही.

तर विन्यानं ती कॅसेट ऐकली आणि त्याचा चेहराच बदलला. दुसऱ्यांदा लाव म्हणाला, मग तिसऱ्यांदा. एक शब्द कळत नव्हता त्याला, आणि महिन्याभरात सगळी गाणी पाठ. साखरेच्या पाण्यानं केस उभे करायला लागला – तिकडे अंडं लावतात, ते घरात चालायचं नाही ना! – आणि त्याच्या उशीवर मुंग्या यायला लागल्या. अण्णा काय म्हणाले असतील? त्यांनी पदरमोड करून त्याला टेपरेकॉर्डर आणून दिला. आवाज फार झाला तर बाहेरून हाक मारायचे, "विनू, आवाज कमी नको करूस बेटा, फक्त दार लाव." लक्षात ठेवा हे. अण्णा असे होते.

आणि मी? मला ते संगीत कधीच आवडलं नाही. घ्या, एवढं तरी बाहेर पडलं. उज्जैनमध्ये अजूनही काही लोक मला त्या बँडचा जुना भक्त समजतात. आवडायचं ते वेगळंच. विन्या विचारायचा – "भिया, या ओळीत काय म्हणतोय तो?" – आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. तसं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं.

आता गंमत अशी की मलाही काही कळत नव्हतं. माझं इंग्रजी पुस्तकातलं. तो गायक अर्धे शब्द गिळायचा, अर्धे थुंकायचा. पण कॉन्व्हेंटचा मुलगा 'मला कळत नाही' कसं म्हणणार? मग मी सांगत गेलो. आधी ओळींचे अर्थ, मग गाण्यांमागच्या गोष्टी, मग गायकाचं आयुष्य. मावसभावानं सांगितलं म्हणून दडपून द्यायचं. तो मावसभाऊ बिचारा सॉफ्ट ड्रिंक आणि क्रिकेट सोडून कशावर बोललाच नव्हता! ड्रमवाला मिठाच्या गोदामात झोपायचा, गायकाचा दात पोलिसांनी पाडला – सगळं माझ्या डोक्यातलं. विन्या ते ऐकून गप्प व्हायचा. देवळात लोक होतात तसा गप्प.

आणि मग ती दुपार. त्याच्या क्वार्टरच्या गच्चीवर बसलो होतो. त्या सकाळी माझं वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं होतं, मार्कांवरून. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं होतं एवढंच. कॅसेटवर एक गाणं लागलं, बाकीच्यांपेक्षा संथ, रागानं भरलेलं. विन्यानं विचारलं, हे कशाबद्दल आहे? मी म्हणालो, बापाबद्दल. म्हणालो, याचा बाप वारला तेव्हा हा गेला नाही. खांदा दिला नाही, थडग्यावर माती टाकली नाही. लोक बोलवायला आले तर दार लावून हे गाणं लिहीत बसला. जो मेलेल्या बापापुढे वाकला नाही, तो इंग्लंडच्या राणीपुढे काय वाकणार?

किती सफाईनं बोललो! शेवटचं वाक्य तर मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हणालो. विन्यानं कॅसेट मागे नेली आणि गाणं पुन्हा लावलं. तेव्हापासून ते गाणं लागलं की तो उभा राहून ऐकायचा.

पुढे दोन-तीन वर्षांत त्याचं आणि अण्णांचं बिनसलं. अण्णांना वाटायचं त्यानं रेल्वेची परीक्षा द्यावी. यानं टॉवर चौकाजवळ एका साउंडवाल्याकडे काम धरलं. आवाज चढले, मग बोलणं बंद झालं. असं प्रत्येक घरात होतं, आणि दिवाळी आली की मिटतं. यांचंही मिटलं असतं. पण दिवाळीच्या आधीच एका सकाळी अण्णा आंघोळ करून बाहेर आले, खुर्चीत बसले आणि गेले.

मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बांबू आले होते, न्हावी आला होता. विन्या तुळशीजवळ उभा, डोक्यावर ते उभे केस. काकू – त्याची आई – आतून बघत होत्या. मला बघितल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. डोळे कोरडे होते. हळू आवाजात म्हणाला, "तो गेला नव्हता ना? खरं सांग यार. बापाच्या वेळी तो गेलाच नव्हता ना?"

इथे मी थांबलो होतो. या ओळीवर पेन ठेवून उठलो, फिरून आलो.

काय अडलं होतं माझं? एक वाक्य. 'विन्या, ते मी बनवलं होतं.' त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती, बस. आणि मग बसला असता न्हाव्यापुढे, रडला असता, बापाला अग्नी दिला असता. त्याला तेच हवं होतं हो! तो परवानगी मागायला आला होता, मला आज ते स्वच्छ कळतं. नाही म्हण, असं विनवत होता तो मला. पण एक गोष्ट खोटी म्हटली की सगळ्याच खोट्या निघाल्या असत्या – गोदाम, दात, मावसभाऊ, मी. आणि भोवती माणसं उभी होती. मी मान हलवली. नव्हता गेला.

विन्या फाटकातून बाहेर पडला. मला वाटलं, कुणीतरी त्याला धरून आणेल. त्याचे काका धावलेही मागे. पण तो स्टेशनच्या गर्दीत कुठे जाऊन बसला कुणाला सापडला नाही. शेवटी त्या काकांनीच केस उतरवले आणि चक्रतीर्थाच्या स्मशानात अग्नी दिला. मी खांदा दिला. हो, मी दिला. अण्णा हलके होते.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यांत मी काही केलं नाही. काकू विन्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण अण्णांचं नाव त्याच्यासमोर घ्यायच्या नाहीत. त्यानं लग्न केलं नाही. स्वतःचं साउंडचं दुकान काढलं – गणपती, नवरात्र, वराती, सगळ्यांना त्याचेच भोंगे. दुपारी दुकान रिकामं असलं की तो बँड लागायचा. दुकानात येणाऱ्या पोरांना तो गायकाच्या बापाची गोष्ट सांगायचा, माझ्याच शब्दांत, त्या राणीच्या वाक्यासकट. मी तिथे असलो की माझ्याकडे बोट दाखवायचा: "ह्यानं सांगितलं मला. ह्याचा भाऊ लंडनला असतो."

माझे वडील वारले तेव्हा मी सगळं यथासांग केलं. लाकडाची व्यवस्था विन्यानं केली. माझं मुंडन चालू असताना माझा शर्ट आणि चष्मा धरून तो शेजारी उभा होता. "तुझं वेगळं आहे," एवढंच म्हणाला. काय वेगळं होतं माझं? तो जे मानत होता ते मी मानत नव्हतो, एवढंच.

मग मोबाइल आले. मला वाटलं, आता सुटलो. आता त्याला आपोआप कळेल आणि मला बोलावं लागणार नाही – भित्र्या माणसाचा हिशेब कायम असाच असतो. झालंही तसंच. एक दिवस त्यानं मला दुकानात बोलावलं आणि एक मुलाखत दाखवली. तोच गायक, म्हातारा, अंगात स्वेटर. वडिलांबद्दल बोलत होता. शेवटची वर्षं ते माझ्याजवळच होते, म्हणत होता, मी त्यांना भरवायचो, जाताना त्यांचा हात माझ्या हातात होता. आणि रडला. विन्याला आता तेवढं इंग्रजी कळतं. तो कळत असल्यासारखाच बघत होता.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यानं व्हिडिओ बंद केला आणि म्हणाला, "झूठ बोलतोय. बुढा झाला ना, आता लोकांना बरं वाटेल असं बोलतोय. तू सांगितलेलं तेच खरं."

आणि विचारलं, "हो ना?"

दुसऱ्यांदा विचारलं हो त्यानं मला! देव कुणाला दुसऱ्यांदा संधी देतो? मी म्हणालो, "वय झालं की माणूस बदलतो." तिकडे लंडनमध्ये एक म्हातारा आपल्या बापासाठी खरंखुरं रडला, आणि इथे मी त्यालाही खोटा पाडला.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. पुष्कळ दिवस अंथरुणाला होत्या. विन्यानं त्यांचं सगळं केलं, एखादी लेक करणार नाही असं. मला वाटलं होतं, आईच्या वेळी तरी तो वाकेल. पण सकाळी न्हावी आला तेव्हा त्यानं माझा दंड धरला. "अण्णांना अग्नी नाही दिला," तो म्हणाला, "तर आईला कोणत्या तोंडानं देऊ? अण्णांना काय वाटेल? तू दे यार. तू घरचाच आहेस."

काका आता राहिले नाहीत, चुलत भावंडं लांब. गुरुजी म्हणाले, मुलाची इच्छा असेल तर चालतं. मग मी बसलो न्हाव्यापुढे. काकूंना अग्नी मी दिला. विन्या या वेळी पळाला नाही, मागे उभा राहिला. येणारे-जाणारे म्हणत होते, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. माझ्या पाठीवर हात ठेवत होते. मी ते ठेवू दिले.

दहाव्याला रामघाटावर पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, एकही खाली येईना. ऊन चढत गेलं, भाताला कोरड पडली. तुम्हाला माहीतच आहे, अशा वेळी लोक गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल ते एकेक बोलून बघतात. कुणी म्हणालं, विनूचं लग्न राहिलं. कावळा नाही. कुणी म्हणालं, आम्ही विनूला सांभाळू, काळजी करू नका. नाही. विन्या पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "आई, काय राहिलंय? सांग ना. काय हवंय तुला?" त्याचा आवाज फाटला. माझा या गोष्टींवर विश्वास आहे की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. पण काकूंचं काय राहिलं होतं ते त्या घाटावर एकट्या मला ठाऊक होतं. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणालो, काकू, सांगतो त्याला. विनूला सगळं सांगतो. तो अण्णांना टाकून गेला नाही, मी त्याला घालवलं, हे सांगतो.

पंखांचा आवाज झाला. डोळे उघडले तर कावळा पिंडावर होता.

विन्या माझ्या गळ्यात पडून रडला. त्या सकाळी अंगणात रडायला हवं होतं तसा रडला. माझे केस आता वाढून पूर्वीसारखे झाले आहेत. काल संध्याकाळीही त्याच्या दुकानात गेलो होतो, चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोललो आणि घरी आलो.