आत्याची बटणं

आमच्या आत्याच्या नावापुढे एकही पदवी नाही, पण मत्स्यालयातल्या टाक्या तिच्याइतक्या कुणालाच कळत नाहीत, हे मी पैजेवर सांगेन. सव्वीस वर्षं ती तिथे सफाईला आहे. तिसऱ्या टाकीतल्या खडकावर तिचा विशेष जीव. त्यावर समुद्रफुलांची, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री जिवांची, चुलत भावंडं राहतात, तळाशी एकमेकांना जोडलेली, चांगली शे-दोनशे. आत्या त्यांना बटणं म्हणते. "एकत्र कुटुंब आहे ते. एकाला घास भरवला की शेजाऱ्यालाही पोचतो. आणि भांडणं नाहीत!" हे शेवटचं माझ्या आईकडे बघून.

एकदा सगळी बटणं मिटली. नऊ दिवस झाले तरी उघडेनात. नवे साहेब म्हणाले, "मेली ती. उकळतं पाणी ओता आणि खडक घासून काढा."

आत्याने ऑफिसातली चहाची किटली उचलून बाजूला ठेवली. "नाही ओतणार, साहेब."

सव्वीस वर्षांत ती कुणाला नाही म्हणाली नव्हती. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी बाई! पण या जिवांच्या अंगात जहर असतं आणि वाफेबरोबर ते छातीत जातं. नोकरीच्या सुरुवातीला असाच खडक चष्म्याशिवाय घासताना शिंतोडा उडाला, तेव्हापासून तिचा डावा डोळा अधू आहे. तिने हे सगळं सांगितलं, पण साहेबांना काही पटलं नाही.

"सोमवारपर्यंत उघडली नाहीत, तर खडकही बाहेर आणि तुम्हीही."

त्या संध्याकाळी आत्या पिशवीत किटली घेऊनच घरी आली.

पुढचे दोन दिवस तिने डबासुद्धा टाकीसमोर बसून खाल्ला. मग तिच्या लक्षात आलं, की मध्यंतरी हॉल रंगवायला आलेल्या रंगाऱ्यांच्या धक्क्याने पंपाचं तोंड भिंतीकडे वळलंय. ही बटणं वाढतात ती लाटा फुटणाऱ्या खडकांवर. साचल्या पाण्यात त्यांच्या अंगावरची बुळबुळ धुऊन जात नव्हती, म्हणून ती मिटून बसली होती. तिने तोंड पुन्हा खडकाकडे फिरवलं.

सोमवारी साहेब आले तेव्हा काठावरचं एक हिरवं बटण उघडं होतं. त्यांच्या देखत शेजारचंही उघडलं, मग त्याच्या पलीकडचं. साहेब काचेला नाक लावून बघत राहिले.

"त्या दिवशी मीच ओतलं असतं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणून तर किटली घरी नेली," आत्या म्हणाली.

ती किटली अजून आमच्याकडेच आहे. परत मागायची साहेबांची हिंमत झालेली नाही.