चोपन्न इंचांची घोडी

माझ्या वडिलांचा टांगा होता आणि माझा गणितात पहिला नंबर होता. नंबराचा मला भारी तोरा, अन् टांग्याची लाज.

मी मॅट्रिकला असताना ऑटो आले आणि आमच्या नंदनवन वस्तीतल्या सवाऱ्या टांग्याकडे बघेनाशा झाल्या. बाबांनी टांगा विकला. प्रश्न उरला घोडीचा. अकरा वर्षं तिनं आमची पोटं भरली होती. हुडकेश्वरकडचा एक विटाभट्टीवाला तिला मागत होता. "भट्टीवर गेली तं दोन उन्हाळे नाही काढत ते," बाबा म्हणायचे अन् ताटावरून उठायचे.

अशात एका जुन्या सवारीनं चिठ्ठी आणून दिली. धरमपेठेतल्या एका शाळेला पोरांना बसायला शांत घोडी हवी होती. अट एकच, उंची १३.२ हातांहून जास्त नको.

"तेरा हात? घोडी पायजे का जिराफ?" बाबा हसले. किती दिवसांनी हसले! चिठ्ठीत खाली लिहिलंच होतं, घोडा मोजायचा हात म्हणजे चार इंच.

मी शिवणाची टेप आणली. बाबांनी घोडीला सपाट जागेवर उभं केलं, तिच्या खांद्यावर आडवी पट्टी धरली. जमिनीपासून चोपन्न इंच भरली. भागिले चार, साडेतेरा. मी वहीत १३.५ लिहून खाली रेघ ओढली.

"जास्त भरते बाबा. नाही घेणार ते."

"एवढुशानं काय होते वं? नेऊन तं पाहतो."

"काहून आपलं हसं करून घेता? अट म्हणजे अट. शाळा आहे ते, टांगा स्टँड नाही!"

असं बोलले मी. जीभ झडली नाही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घोडीला घेऊन निघाले आणि संध्याकाळी एकटेच आले. "भट्टीवर सोडली," एवढंच म्हणाले. तिनं एकही उन्हाळा काढला नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, गणिताचीच. आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला एक निवृत्त फौजी घोडे घेऊन आले होते. एकाची उंची त्यांनी चौदा पॉइंट तीन सांगितली. वर म्हणाले, "पॉइंटच्या पुढे इंच असतात, मॅडम. चार झाले की एक हात वाढतो." मी उभ्या उभ्या हिशेब केला. तेरा चोक बावन्न, वर दोन. चोपन्न. आमची घोडी अटीत अगदी बरोबर बसत होती.

घरी जाऊन बाबांना रडत रडत सांगितलं. त्या वयात त्यांना कशाला सांगायचं, पण राहवलं नाही.

बाबा म्हणाले, "त्या दिवशी मी पहिले शाळेतच गेलतो. चौकीदारानं फाटकही उघडलं होतं. मंग मनात आलं, आपली पोरगी शिकलेली हाये, तिचा हिशेब काहून चुकन? अन् तिथूनच फिरवली घोडी."