बंद खिडकीशेजारची सोय

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकताई म्हणत. शिकवण्याच्या गाडीत तिच्या पायाशीही एक जादा ब्रेक होता, आणि तो ती इतक्या हलक्या पायाने दाबायची की शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली. नवऱ्याचं गॅरेज होतं. तो म्हणायचा, "मी गाड्या दुरुस्त करतो, ही माणसं."

त्या वर्षी तिच्याकडे एक घड्याळवाले आजोबा शिकायला आले. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, गाडीची कधी गरज पडली नव्हती. पण आजींचे गुडघे गेले, आणि आजोबांनी ठरवलं की हिला आता कुणाच्या मेहरबानीवर फिरू द्यायचं नाही. सुरुवातीला त्यांनी ब्रेकताईच्या नाकी नऊ आणले. पुढे मात्र हात असा बसला की परीक्षेत ते पहिल्याच फटक्यात पास झाले.

लायसन्सची फी भरायला ते स्वतःच कार्यालयात गेले. ब्रेकताई तिथे दुसऱ्या कामासाठी आलेलीच होती. रोख पैशांची खिडकी बंद होती, आणि काचेवर कागद चिकटवला होता : फक्त कार्ड. आजोबांकडे कार्ड नव्हतं. तेव्हा ब्रेकताईने आपलं कार्ड पुढे केलं. मशीनच्या पडद्यावर फीखाली आणखी एक ओळ उमटली : सुविधा शुल्क.

आजोबांनी चष्मा वर करून ती वाचली. "यात सोय कुणाची झाली?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"मशीनवाल्या कंपनीचं आहे ते, आजोबा. आमच्या हातात काही नाही."

रक्कम चहापाण्याइतकीच. आजोबांनी ती फीसकट ब्रेकताईच्या हातावर ठेवली आणि ते निघाले. ब्रेकताई मात्र जागची हलली नाही. शिकणाऱ्यांची फी आपल्या कार्डाने भरताना ही ओळ तिने कितीदा तरी पाहिली होती आणि न वाचता बटण दाबलं होतं.

"घरून ऑनलाइन भरले तर?" तिने विचारलं.

"तिथंही लागतं."

"चेक?"

"बंद केलाय."

"मग ही सोय नकोच असेल एखाद्याला, तर?"

कारकून माणूस सरळ होता. त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "मग लायसन्स नाही मिळणार, ताई."

नणंद वकील होती, आणि त्या संध्याकाळी ती आपली स्कूटर घ्यायला गॅरेजवर आली. ब्रेकताईने तिला सगळं सांगितलं. "वन्सं, हे कायद्यात बसतं का हो?"

नणंदेने स्कूटरवर बसल्या बसल्याच उत्तर दिलं. "दोन गोष्टींची गल्लत करू नकोस, वहिनी. कार्ड चालवायचे पैसे बँक घेते, ते कुणालातरी सोसावे लागणारच. नियमाचा आधार असेल आणि माणसाला नको म्हणायला जागा असेल, तर ते कार्डवाल्याकडून घेता येतात. पण सरकारी फी कायद्याने ठरते. दुसरी वाटच बंद करून वर काही घेतलं, तर ती सोय नाही राहिली, गुपचूप वाढवलेली फी झाली."

"मग तक्रार करू या."

"करू. पण तुझं रोजचं काम त्याच कार्यालयात. पाण्यात राहून माशाशी वैर होईल."

"वैर कुठलं? मी विचारतेय."

नवरा पाना पुसत म्हणाला, "आणि त्यांनी तुझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना परीक्षेत पाडलं तर?"

"गाडी येत नसेल तर पाडतील. तसं अर्धवट शिकवून मी कुणाला पाठवत नाही."

तक्रार दाखल करण्याआधी ती कार्यालयातल्या साहेबांना भेटून आली. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं, असं तिचं मत. साहेब म्हणाले, "बाई, राईचा पर्वत करताय." ती म्हणाली, "असेल. पण राई आहे, हे तर तुम्हीही मानताय."

यथावकाश तक्रार निवारण अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली. अधिकारी बाई सर्दीने बेजार होत्या आणि फाफटपसारा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. कार्यालयाच्या वकिलांनी थेट ब्रेकताईलाच गाठलं.

"कागदपत्रांचं काम करून देण्याचे तुम्हीही जादा पैसे घेता ना?"

नणंद चपापली. हा प्रश्न तिच्या तयारीत नव्हता.

"घेते," ब्रेकताई म्हणाली. "भिंतीवर लिहून ठेवलंय. ज्याला नको असतं, तो आपला आपण जाऊन काम करतो. घड्याळवाले आजोबा तसेच तर आले होते. त्यांना माझी खिडकी टाळता आली, तुमची नाही आली."

वकिलांनी तो धागा सोडला आणि आपला खरा मुद्दा काढला : कंपनीशी रीतसर करार आहे आणि शुल्क त्यात लिहिलेलं आहे. नणंद आता सावरली होती. ती म्हणाली, "करार कार्यालयाचा आणि कंपनीचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं करायला नियम कुठला?"

अधिकारी बाईंनी तोच नियम मागवला. तो निघालाही, खात्याचाच होता. कार्डावर शुल्क घेण्याची मुभा त्यात होती, पण विनाशुल्क पैसे भरायची दुसरी वाट चालू असेल तरच. ज्या दिवशी खिडकी बंद केली, त्याच दिवशी शुल्काचा आधार गेला होता, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

निकाल आला : खिडकी उघडा, नाहीतर शुल्क थांबवा. मधल्या काळात घेतलेलं शुल्क मागणाऱ्याला परत द्या. ब्रेकताईने आपल्या कार्डावरून गेलेलं सगळंच मागितलं होतं, ते मात्र बाईंनी मान्य केलं नाही. "तुम्ही ते शिकणाऱ्यांकडून वसूल केलंत. ज्याच्या खिशातून गेलं, त्यालाच मिळेल."

ब्रेकताईला हे लागलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "वन्सं, बाईंचं बरोबर आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून तिने आपल्या जुन्या शिकणाऱ्यांना एकेक करून फोन लावायला घेतले, पैसे मागून घ्या म्हणून. बऱ्याच जणांनी कंटाळा केला. आजोबा मात्र गाडीत आजींना घेऊन स्वतः चालवत कार्यालयात आले, आणि आपले पैसे घेऊन गेले.

खिडकी उघडली. तिथे बसायची पाळी आली त्याच कारकुनावर, आणि दुपारपर्यंत नोटा मोजून त्याचा जीव मेटाकुटीला येऊ लागला. ब्रेकताईच्या मुलांना परीक्षेत कुणी पाडलं नाही. साहेब काही दिवस मान फिरवून जायचे. पुढे त्यांची मुलगी अठराची झाली, तेव्हा तिला शिकवायला त्यांनी ब्रेकताईकडेच पाठवलं.

एकदा खिडकीवर लांबलचक रांग होती आणि बाहेर परीक्षेची गाडी खोळंबली होती. ब्रेकताईने कार्ड काढलं, पडद्यावरची ओळ वाचली आणि ‘हो’चं बटण दाबलं.

"एवढं भांडून शेवटी कार्डच?" खिडकीतून कारकून म्हणाला.

"आज घाई आहे," ती म्हणाली आणि पावती घेऊन बाहेर पडली.