सुटी बोटं

पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तेव्हा मी तिथं बिगारी होतो. उस्मानाबादकडून आलेलो. शाळा चौथीतच सुटली, तीही निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा. त्या शिक्षणाचा इकडं काही उपयोग नव्हता. माझी सगळी भिस्त ओव्हरसियरच्या एका बोलण्यावर होती. यंत्रं आली की तुला फिटरच्या हाताखाली आत घेतो, म्हणाले होते. फक्त डॉक्टरनं पास केलं पाहिजे. ते विसरले तर काय, या धास्तीनं मी रोज त्यांच्या नजरेस पडेन असा उभा राहायचो.

आमच्या झोपड्या गवताच्या आणि चटयांच्या, एकमेकींना चिकटून. उन्हाळ्यात एका दुपारी कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि वाऱ्यानं ओळच्या ओळ पेटली. माणसं वेळेवर बाहेर पडली. मी मात्र ट्रंकेसाठी परत आत शिरलो आणि तिची लोखंडी कडी उजव्या हातानं धरली. ती तापून इंगळ झालेली. तळवा आणि पाचही बोटं भाजली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या गवंड्यानं कुठून तरी शाईची दौत मिळवली आणि हातावर ओतली. तेव्हा भाजल्यावर शाईच लावायचे.

त्या दिवशी पुण्याहून नर्सिंग शिकणाऱ्या मुली आणि त्यांच्या शिकवणाऱ्या सिस्टर शेजारच्या गावात देवी टोचायला आल्या होत्या. धूर बघून त्या धावत आल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मारुतीच्या देवळाचा ओटा झाडून दिला, बैलगाडीतून पाणी आणलं. तिथंच दवाखाना सुरू झाला.

माझ्या वाट्याला आली ती मुलगी माझ्याच वयाची, कोकणातली. ती शाई धुवायला लागली तशी म्हातारा म्हणाला, "आवं बाई, औषिद धुऊन का टाकताय?"

"शाई कागदाला लावतात, आजोबा."

तिनं व्हॅसलीन लावलेली जाळीची पट्टी ठेवली, वरून कापूस घातला आणि पाचही बोटं एकत्र घेऊन छान गुंडाळून टाकली. हात ऊबदार झाला, ठणका उतरला. मी तिला मनोमन हात जोडत होतो तेवढ्यात सिस्टर आल्या.

"हा हात आहे की मोदक? सोड ते."

मुलीचा चेहरा उतरला.

"बोटाला बोट लागून जखम भरली तर कातडी जुळेल. मग हा माणूस हातोडी कशी धरणार? प्रत्येक बोट सुटं बांध. बोटांच्या बेचक्यातही जाळी घाल."

हातोडी म्हटल्यावर मला ओव्हरसियरचं बोलणं आठवलं. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्हीच बांधा ना."

"मी सगळीकडं पुरणार आहे का? रोज हीच येणार तुमच्याकडं. तिला आलंच पाहिजे."

पट्टी सोडताना मी ओरडलो. मुलगी रडत होती, पण तिचे हात थांबले नाहीत. सिस्टर शेजारी उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. शिकायला माझाच हात सापडला का, असं वाटलं.

मुली मग रोज यायच्या. जखम भरत आली तशी कोकणातली मुलगी म्हणाली, "आता बोटं आखडू द्यायची नाहीत. पीठ मळायचं. दुखलं तरी मळायचं." झोपड्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या; मी सकाळ-संध्याकाळ साऱ्या ओळीचं पीठ मळायला लागलो. गवंडी म्हणायचा, "राव, कांदेपोहे पण शिकून घे. पाव्हणे बघायला येतील." बायका हसायच्या आणि आपलं पीठ माझ्यापुढं सरकवायच्या.

पावसाळा सरता सरता ओव्हरसियरनं बोलावलं. विसरले नव्हते. गेटवरच्या डॉक्टरनं छाती तपासली, डोळे तपासले, मग हात धरून म्हणाला, "आवळ." मी जीव खाऊन त्याची बोटं आवळली. "बस, बस," म्हणाला आणि पास केलं.

सांगायला मी गावात गेलो. सिस्टर तिथं होत्या, पण मुली नव्या. जुन्या तुकडीची पाळी आता पुण्यात वॉर्डात लागली होती.

"त्या कोकणातल्या बाईंना सांगा," मी म्हणालो, "मला आत घेतलं."

सिस्टरनी माझा हात उजेडाकडं वळवला. एकेक बोट दुमडून पाहिलं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "करंगळी पुरती मिटत नाही, तेही सांगते." मग नव्या मुलींना हाक मारली, "इकडं या गं सगळ्या."

मुली भोवती जमल्या. त्यांचं बघून होईपर्यंत मी मूठ मिटत होतो, उघडत होतो.